दारचा अशोक आणि अरिष्टातला अशोक

आमच्या चिकित्सालयाच्या फाटकाशी दोन उंच, सरळ, दीपमाळेसारखी झाडे उभी आहेत. काही वर्षांपूर्वी रक्तप्रदराच्या एका रुग्णेसोबत तिच्या सासूबाई आल्या होत्या. अशोकारिष्टाची बाटली हातात घेऊन त्यांनी आम्हांस विचारले, "वैद्यबुवा, अशोकाची दोन झाडं दारात असताना औषध विकत कशाला घ्यायचं? इथलीच चार बोटं साल काढून द्या की!" हा अशोक तो नव्हे, असे आम्ही त्यांना परोपरीने सांगितले. त्यांना ते पटलेले दिसले नाही. नाव एक, झाड दारात, आणि वैद्य मात्र बाटलीचे पैसे मागतो, यात त्यांना काहीतरी गोम वाटली असावी.

त्या वेळी आम्हांला या प्रश्नाचे हसू आले. पुढे वर्षभरातच आमच्या छोट्या निर्माणशाळेत जे घडले त्यानंतर ते हसू ओसरले. नेहमीच्याच व्यापाऱ्याकडून अशोकसालीचे पोते आले होते. भरड झाली, रात्रभर भिजत घातली, दुसऱ्या दिवशी काढा चुलीवर चढला. आमच्याकडे कढईजवळ उभे राहण्याचे काम पंचवीस वर्षे करणारे एक मदतनीस आहेत. ते कोणतेही पुस्तक शिकलेले नाहीत. चतुर्थांश उरलेला काढा त्यांनी पळीने जिभेवर घेतला आणि म्हणाले, "हा जीभ ओढत नाही." रंगही नेहमीचा गडद तांबूस नव्हता, पिवळट-तपकिरी होता. काढा तसाच ठेवून आम्ही सालीचे तुकडे जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयातील द्रव्यगुण विभागात नेले. तेथील अध्यापकांनी तुकड्यांचे छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि ही साल अशोकाची नाही, सीताफळाच्या कुळातील झाडाची आहे, असे सांगितले. म्हणजे आमच्या फाटकावरच्या झाडाच्या जातीचीच!

तो काढा आम्ही ओतून दिला. ते नुकसान सोसण्यासारखे होते. खरी टोचणी निराळीच होती. त्याआधीचे पोते त्याच व्यापाऱ्याचे होते, त्याचा नमुना आम्ही राखून ठेवला नव्हता, आणि त्यातून सिद्ध झालेले अरिष्ट केव्हाच रुग्णांपर्यंत पोहोचले होते. त्या काळात ज्या दोन-तीन रुग्णांना अपेक्षित उपशय मिळाला नाही, त्यांच्या बाबतीत आम्ही मात्रा वाढवली होती, पथ्याबद्दल त्यांनाच बोल लावला होता. दोष सालीचा होता की व्याधीचा, हे आता सांगता येणार नाही. परंतु नमुना न ठेवण्याची चूक आमची होती, हे येथे लिहून ठेवणे आम्हांला आवश्यक वाटते. या दोन वृक्षांची ओळख, स्वभाव आणि निगा यांचा तौलनिक विचार वैद्य व औषधी निर्माते यांच्यापुढे मांडण्याचे कारण हेच.

नावाचा घोटाळा

ग्रंथोक्त अशोक म्हणजे साराका असोका. कूळ शिंबी, म्हणजे चिंच-बहाव्याच्या गोतातले. मराठीत त्याला सीतेचा अशोक, सीताअशोक, लाल अशोक, रक्ताशोक असे म्हणतात. जुन्या पुस्तकांतून त्याचे शास्त्रीय नाव साराका इंडिका असे छापलेले आढळते. ते नाव वस्तुतः जावा बेटाकडच्या निराळ्या जातीचे आहे, हे पुढे स्पष्ट झाले. तरीही काही लेबलांवर ते अद्याप चिकटून आहे.

दुसरा, आपल्या रस्त्यारस्त्यावर आणि सोसायट्यांच्या कुंपणाशी दिसणारा, पॉलिअल्थिया लाँगिफोलिया. २०१२ नंतर वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला मोनून या प्रजातीत हलवले आहे. परंतु व्यवहारात जुनेच नाव चालते. कूळ सीताफळाचे. मराठीत त्याला नुसते 'अशोक' म्हणतात आणि अडचणीचे मूळ तेच. फार तर कोणी हिरवा अशोक, उंच अशोक किंवा खोटा अशोक म्हणतो. गुजरातेत तो आसोपालव म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या पानांची तोरणे दारोदार लागतात. बंगालात तर त्यालाच देवदारू म्हणण्याची रीत आहे. तेथील वैद्यांपुढे दुहेरी संकट! एका झाडाने दोन औषधी द्रव्यांची नावे बळकवावीत, असे उदाहरण आम्हांला दुसरे ठाऊक नाही.

'खोटा' हे विशेषण त्या झाडावर अन्याय करणारे आहे, असे आमचे मत आहे. झाड खोटे नसते, व्यवहार खोटा असतो. तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत मूळचाच वाढणारा वृक्ष आहे. त्याच्या सालीतील व पानांतील डायटर्पीन द्रव्यांवर आणि अल्कलॉइडांवर बरेच संशोधन झाले आहे. उद्या त्याचा स्वतंत्र उपयोग सिद्ध झाला तर आनंदच आहे. मात्र अशोकाचे गुण त्याच्यावर लादण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ग्रंथांनी दिलेली खूण

आपल्या निघंटुकारांनी पर्यायनामांतच वनस्पतीची ओळख गुंफून ठेवलेली असते. भावप्रकाशात अशोकाला हेमपुष्प, ताम्रपल्लव, पिंडपुष्प, गंधपुष्प असे पर्याय दिले आहेत. ही चार नावे घेऊन फाटकावरच्या झाडासमोर उभे राहिले की पुरे. सोनेरी-केशरी फुले? नाहीत, त्याची फुले हिरवट पिवळी, पानांच्या रंगात लपणारी. तांबडी कोवळी पालवी? त्याची पालवी निघताना किंचित तांबूस छटा दाखवते खरी. पण सीताअशोकाची पालवी म्हणजे तांब्याच्या रंगाचे मऊ, निर्जीव भासणारे लोलकच फांदीच्या टोकाला लोंबत असतात. पाने पुढे हिरवी होऊन ताठ होतात. गेंदेदार पिंडासारखे फुलोरे? नाहीत. सुगंध? नाही. चारही परीक्षांत नापास.

चरकाचार्यांनी वेदनास्थापन महाकषायात अशोकाची गणना केली आहे आणि सुश्रुतसंहितेत लोध्रादि गणात तो येतो. चरकाच्या त्या दशेमानीत वंजुल आणि अशोक ही दोन नावे वेगवेगळी आली आहेत, तर भावप्रकाशात वंजुल हा अशोकाचाच पर्याय. म्हणजे वंजुल या नावाने प्रत्येक ठिकाणी एकच वृक्ष अभिप्रेत नाही. नामसाम्याचा प्रश्न आजच्या बाजाराने निर्माण केलेला नाही, तो जुनाच आहे, एवढेच यातून दिसते. पूर्वी वैद्य स्वतः रानात जाऊन साल आणीत असे, म्हणून तो तितकासा बाधत नव्हता.

साहित्यातही हाच वृक्ष आहे. 'मालविकाग्निमित्र' नाटकात नायिकेच्या पदाघाताने फुलवायचा तो अशोक सोनेरी फुलांचाच असला पाहिजे; हिरवट फुलांसाठी कोणी एवढे सायास करणार नाही. चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाष्टमी म्हणतात, त्या दिवशी अशोककलिका सेवन करण्याचा विधी आहे. सीताअशोकाचा बहर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे नेमका त्या सुमाराचा.

दोहोंची शरीररचना

पानापासून आरंभ करावा. सीताअशोकाचे पान संयुक्त असते; एका देठावर दलांच्या तीन ते सहा जोड्या, टोकाला एकटे दल नाही. दले लांबट, कडा सरळ, पृष्ठभाग तुकतुकीत. पॉलिअल्थियाचे पान साधे, एकेकटे, भाल्याच्या पात्यासारखे लांब आणि कडेला लाटा असलेले. नवख्यालाही हा एक फरक पुरेसा आहे. परंतु औषधी निर्मात्यासमोर पान येत नाही, पोते येते; त्याकडे आपण नंतर वळू.

सीताअशोकाच्या फुलाला पाकळ्या नसतात. आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती चार रंगीत संदले आहेत. उमलताना पिवळसर-केशरी आणि जुनी होताना लाल होत जाणारी, त्यामुळे एकाच गुच्छात सर्व छटा. त्यातून सात-आठ लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. फुले फांद्यांवर, क्वचित थेट खोडावरही येतात, आणि रात्री सुगंध दरवळतो. नंतर चपट्या, चामड्यासारख्या शेंगा लागतात. पॉलिअल्थियाच्या फुलाला सहा अरुंद, नागमोडी, हिरवट पाकळ्या असतात. बहर दोन-तीन आठवड्यांचा, आणि तो येऊन गेल्याचे पुष्कळांना कळतही नाही. फळे मात्र लक्षात येतात. एकबीजी, अंडाकृती, पिकल्यावर जांभळट काळी, घोसाने लागणारी. कोकिळा व वटवाघळे त्यांवर तुटून पडतात आणि सकाळी फाटकाशी बियांचा सडा पडतो. आमच्या येथे तो झाडणे हे जून-जुलैतले रोजचे काम आहे.

बांधाही भिन्न आहे. सीताअशोक मध्यम उंचीचा, सहा ते दहा मीटर, घेरदार, छायादार, आणि अत्यंत संथ गतीने वाढणारा. पॉलिअल्थियाचा जो लोंबत्या फांद्यांचा, स्तंभासारखा प्रकार सर्वत्र लावला जातो, तो जागा फार थोडी व्यापतो आणि झपाट्याने उंच जातो. लोकांना कुंपणाशी उंच हिरवी भिंत लवकर हवी असते. रोपवाटिकेत 'अशोक' मागितल्यावर हातात तोच पडतो, तो याच कारणाने. ज्या गुणांमुळे तो सर्वत्र पसरला त्याच गुणांमुळे त्याची साल स्वस्त आणि मुबलक झाली, आणि नावाच्या आडोशाने पोत्यात शिरली.

निगा: एकाचे चोचले, दुसऱ्याचा सोशिकपणा

पॉलिअल्थियाबद्दल थोडक्यात सांगता येईल. भरपूर ऊन, पाण्याचा निचरा होणारी कोणतीही जमीन, पहिली एक-दोन वर्षे नियमित पाणी. पुढे तो स्वतःचे पाहतो. दोन रोपांत दीड-दोन मीटर अंतर ठेवले तरी चालते. पानांवर फुलपाखरांच्या अळ्या येतात, विशेषतः हिरवे ठिपके मिरवणाऱ्या टेल्ड जे या फुलपाखराच्या. त्यांनी चार पाने खाल्ली म्हणून फवारणी करू नये. झाडाला काही होत नाही.

सीताअशोकाचे तसे नाही. हा मूळचा पश्चिम घाटातील, तसेच पूर्वेकडच्या डोंगराळ प्रदेशातील सदाहरित रानाचा, ओढ्याकाठच्या सावलीचा रहिवासी. त्याला पाणथळ जमीन नको, पण गारवा मात्र सतत हवा. देशावरच्या कोरड्या वाऱ्यात आणि चुनखडीच्या जमिनीत त्याला लावणे म्हणजे माहेरच्या लाडक्या लेकीला एकदम दुष्काळी गावात देण्यासारखे आहे. आमचे पहिले रोप आम्ही मोठ्या हौसेने अंगणाच्या मध्यभागी, उन्हात लावले. एप्रिलमध्ये पानांची टोके करपली, मे महिन्यात पालवी वाळून गळाली, आणि मृगापूर्वी रोप गेले. दुसरे रोप कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्यावर पिवळे पडत गेले.

तिसऱ्या वेळी सावंतवाडीकडील एका वैद्यस्नेह्यांचा सल्ला घेतला. त्यांच्या परसात विहिरीलगत सुपारी-केळीच्या सावलीत सीताअशोकाची चार झाडे आहेत. त्यांनी दूरध्वनीवर एकच वाक्य सांगितले: "त्याला आधी सावली लावा, मग त्याला लावा." त्यानुसार आम्ही इमारतीच्या पूर्वेस, जेथे दुपारनंतर ऊन येत नाही तेथे, दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेतला. निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याचे खत भरले. पश्चिमेस केळीचे दोन कंद आधीच्या वर्षी लावून ठेवले. पावसाळ्याच्या आरंभी रोप लावले. बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचे आच्छादन बारमाही ठेवले. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी, तेही छपरावरून साठवलेले पावसाचे किंवा नळाचे. पहिले तीन उन्हाळे जपले. चौथ्या वर्षापासून झाडाने जीव धरला आणि सातव्या चैत्रात पहिला गुच्छ आला. त्या दिवशी आम्ही बाह्यरुग्ण विभाग अर्धा तास उशिरा उघडला, हे कबूल करतो.

बियांविषयी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. सीताअशोकाचे बी साठवून टिकत नाही. ते वाळले की त्याची उगवणशक्ती वेगाने नष्ट होते. म्हणून टपालाने बी मागवून दोन महिन्यांनी पेरणाऱ्यांच्या पदरी निराशा येते. पिकलेली शेंग फुटताच बी घ्यावे, रात्रभर पाण्यात भिजवावे आणि लगेच पिशवीत पेरावे. माती, वाळू व शेणखत यांचे मिश्रण, वर सावली, आणि माती ओलसर, चिखल नव्हे. साधारण तीन आठवड्यांत कोंब दिसतो. रोप एक-दीड वर्षाचे होईपर्यंत पिशवीतच राहू द्यावे, मात्र मूळ पिशवीच्या तळाला गुंडाळले जाणार नाही याकडे लक्ष असावे. पॉलिअल्थियाची बीजे फाटकाशी पडून आपोआप रुजतात. त्यांची फुकटची रोपे 'अशोक' म्हणून वाटली जातात. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत आम्ही स्वतः ती मोठ्या उत्साहाने स्वीकारलेली आहेत.

पोत्यातली परीक्षा

आता औषधी निर्मात्याच्या हातात प्रत्यक्ष जे येते त्याकडे. आयुर्वेदीय औषधिकोशाच्या पहिल्या भागाच्या पहिल्या खंडात अशोकाची खोडाची साल वर्णिली आहे. उत्तम साल नालीसारखी वळलेली, बाहेरून हिरवट करडी ते गडद, गुळगुळीत, तीवर गोलसर वातरंध्रांचे ठिपके आणि आडव्या वळ्या. आतील बाजू तांबूस-तपकिरी, तीवर बारीक उभ्या रेषा. मोडल्यावर तुकडा तंतुमय फाटतो. चवीला स्पष्ट तुरट. पॉलिअल्थियाची साल चिवट दोरासारख्या पट्ट्यांनी सोलली जाते, आतून पिवळट, आणि तुरटपणा नगण्य. दोन्ही साली शेजारी ठेवल्या तर फरक कळतो. पण भरड करून आलेल्या मालात तो कळत नाही. म्हणून भरड विकत घेऊ नये, अखंड सालच घ्यावी, हा आमचा आग्रह आहे. तिचा दर किलोमागे थोडा अधिक पडतो. तो पडू द्यावा.

काढ्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकल्यास टॅनिनमुळे काळपट रंग येतो. परीक्षा सोपी आहे, पण तिच्यावर विसंबू नये. शाल वृक्षाची सालही अशोकाच्या नावाने विकली जाते आणि तीही तुरट आहे. ती या परीक्षेत सहज उत्तीर्ण होईल. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दक्षिण भारतातील बाजारपेठांतून अशोक म्हणून घेतलेल्या सालीच्या नमुन्यांची डीएनए बारकोडिंगने तपासणी करण्यात आली, तेव्हा बहुसंख्य नमुने अशोकाचे नसल्याचे आढळले. म्हणजे भेसळ केवळ आमच्या फाटकावरच्या झाडापुरती मर्यादित नाही. सूक्ष्मदर्शकीय परीक्षण व टीएलसी यांची सोय प्रत्येक लहान निर्मात्याकडे असेलच असे नाही. परंतु जवळच्या महाविद्यालयाशी कायमचे बोलून ठेवता येते. शेड्यूल-टीप्रमाणे कच्च्या मालाची ओळख पटवून नोंद ठेवणे आपल्यावर बंधनकारक आहेच. आमच्याकडे आता प्रत्येक पोत्यातील मूठभर साल, तारीख व व्यापाऱ्याचे नाव घालून, बरणीत पाच वर्षे राहते. ती बरणी पूर्वी असती, तर आधीच्या पोत्याचे कोडे सुटले असते.

येथे वैद्यबंधूंसाठी एक शब्द. अशोकारिष्टाने रक्तस्राव थांबला नाही तर साल खोटी होती, असा सोपा निष्कर्ष काढू नये. गर्भाशयातील गाठी, अंतःस्रावी विकार, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरचा स्राव, यांत तपासणी लांबवणे रुग्णेच्या जिवावर बेतू शकते. परंतु साल खरी आहे याची खात्री असल्याशिवाय 'औषध लागू पडत नाही' हा निष्कर्षही काढता येत नाही. चिकित्सकाची ही दुहेरी अडचण आहे आणि तिची निम्मी किल्ली तरी आपल्या हातात आहे.

हिशेब

भैषज्यरत्नावलीतील अशोकारिष्टात साल एक तुळा, म्हणजे आयुर्वेदीय योगसंग्रहाच्या परिमाणाने ४.८ किलो, पाणी चार द्रोण, चतुर्थांश उरवावयाचे, गूळ दोन तुळा. हा एका घाण्याचा हिशेब. आमच्या चौदा वर्षांच्या झाडाच्या फांद्यांची मागील शरद ऋतूत बेताने छाटणी केली, त्यातून सुकलेली साल सव्वा किलोच्या आसपास मिळाली. म्हणजे एका घाण्याला अशी चार झाडे, तीही दरवर्षी छाटता येणार नाहीत. लहान निर्माणशाळेला वर्षाला दहा घाणे लागले तर किती झाडे हवीत, हे वाचकांनीच मोजावे. आणि मोठ्या कारखान्यांना लागणारी साल कोठून येत असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १९९८ मधील मूल्यांकनात साराका असोकाला 'असुरक्षित' वर्गात टाकले. नोव्हेंबर २००० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीसाठी प्राधान्य दिलेल्या ३२ वनस्पतींत अशोक आहे. रानातील झाडाची साल गोलाकार सोलली की ते उभ्याउभ्या वाळते, आणि संथ वाढीच्या या वृक्षाची जागा भरून यायला एक पिढी जाते. साल घ्यावयाचीच तर जाड फांद्यांची घ्यावी. खोडाची घेणे अपरिहार्य असेल तर एका बाजूने अरुंद, उभी पट्टी काढावी, उरलेला घेर अखंड ठेवावा, आणि जखम भरेपर्यंत दुसऱ्या बाजूस हात लावू नये. साल शरदात घ्यावी, हे चरकाचार्यांनी कल्पस्थानात सांगितलेच आहे. पावसाळा नुकताच संपलेला असल्याने झाडालाही तो काळ सोसतो. बुंधा राखून तोडलेल्या झाडाला फुटवे येतात. मात्र शहरी हद्दीत वृक्षतोडीसाठी १९७५ च्या अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची अनुमती लागते, झाड आपले स्वतःचे असले तरीही.

कोकण-गोव्यातील निर्मात्यांना हे काम सर्वांत सुलभ आहे. सुपारीच्या बागेत, पाटाच्या कडेने, तीन-चार मीटर अंतराने सीताअशोक सहज लागतो. सावली व ओलावा तेथे आधीच तयार असतात. देशावरच्या आम्हां मंडळींना केळी आणि छपराचे पाणी यांच्या आधाराने एक-दोन झाडे जगवणे एवढेच शक्य आहे. त्यातून निर्माणशाळा चालणार नाही. परंतु दारात खरे झाड असले की विद्यार्थ्याला पान दाखवता येते, व्यापाऱ्याच्या मालाशी साल ताडून पाहता येते, आणि कढईजवळच्या माणसाची जीभ सरावाची राहते.

मागील आषाढात आमच्या झाडाच्या शेंगांतून बत्तीस बिया मिळाल्या. एकवीस उगवल्या, त्यांतील सोळा रोपे हयात आहेत. दहा रोपे सावंतवाडीच्या स्नेह्यांमार्फत दोन निर्मात्यांच्या बागेत गेली, चार महाविद्यालयाच्या वनौषधी उद्यानात. उरलेली दोन आम्ही ठेवून घेतली आहेत.

फाटकावरची जुनी झाडे काढून टाकावीत, असे घरात एकदा निघाले होते. आम्ही ती राहू दिली. दिवाळीत त्यांची पाने तोरणाला उपयोगी पडतात आणि कोकिळेला फळे मिळतात. मात्र एका झाडाला आता आम्ही पत्र्याची पाटी बांधली आहे: 'हा अशोकारिष्टातील अशोक नव्हे. तो मागील अंगणात, केळीशेजारी आहे.' मघाच्या सासूबाई मध्यंतरी नातवाला दाखवायला आल्या होत्या. त्यांनी पाटी वाचली, मागे जाऊन झाड पाहिले, आणि परत येऊन म्हणाल्या, "अहो, पण हा तर केवढासा आहे!"